भिजत घोंगडे

मेंढीच्या लोकरीचे हातमागावर विणलेले जाड, भरड आणि बहुधा न रंगवलेले पांघरूण म्हणजे घोंगडी. मराठीत या वस्तूला दोन लिंगे आहेत. ‘घोंगडी’ स्त्रीलिंगी, ‘घोंगडे’ नपुंसकलिंगी. विकणारा ‘घोंगडी’ विकतो, घरातला जाणता माणूस ‘माझी घोंगडी आण’ म्हणतो. वस्तू जुनी, जड किंवा नकोशी झाली की तिचे ‘घोंगडे’ होते. नपुंसकलिंगात थोडी हेटाळणी मुरवण्याची मराठीची सवय येथेही दिसते. ‘कांबळ’, ‘कांबळे’ हे त्याच जातीच्या पांघरुणाचे दुसरे नाव संस्कृत ‘कंबल’पासून आले आणि कानडीत ते ‘कंबळी’ झाले. घोंगडीचे नाते मात्र तेलुगूशी अधिक जवळचे. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादहून मनमाड–सिकंदराबाद मार्गावरची गाडी धरली, की राज्याची सीमा ओलांडताच तेलंगणातले बासर येते आणि तेथून पुढे याच वस्तूला ‘गोंगडी’ किंवा ‘गोंगळी’ म्हणतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना माल एक, मेंढी एक आणि नाव जवळजवळ एकच. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्माबादेत दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, त्यामुळे या शब्दाचे जोडीदार उच्चार तेथे कोणाला परके वाटत नाहीत.

घोंगडीची लोकर येते ती दख्खनी मेंढीची. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र यांच्या कोरड्या पठारावर ही जात पसरलेली आहे. रंगाने काळी, करडी किंवा ठिपक्याठिपक्यांची, काटक, दिवसभर चालणारी. तिच्या अंगावर लोकर कमी येते, वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण किलो, आणि येते ती भरड. तिच्या तंतूची सरासरी जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास असते, तर मऊ कपड्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मेरिनो लोकरीची जाडी साधारण १७ ते २४ मायक्रॉन. एवढ्या फरकामुळेच दख्खनी लोकरीचा स्वेटर अंगाला टोचतो. पांघरूण मात्र वर्षानुवर्षे टिकते.

मेंढ्या कातरण्याआधी त्यांना नदीत किंवा तळ्यात धुतात. कातरणी बहुधा वर्षातून दोनदा होते. या व्यवहारातला सर्वांत देखणा शब्द म्हणजे ‘जावळ’. कोकराच्या अंगावरून पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळ. ती मऊ आणि काळीभोर असते, आणि जावळाच्या घोंगडीला भाव अधिक मिळतो. मूल वर्षाचे होत आले की त्याचे पहिले केस उतरवतात, त्यांनाही मराठीत जावळच म्हणतात. मेंढपाळाच्या वाड्यावर आणि गृहस्थाच्या घरात हा एकच शब्द नांदतो. थोराड मेंढीची लोकर त्याहून राठ असते आणि म्हाताऱ्या मेंढीची आणखी राठ. लोकर हातात धरताच तिचे वय सांगणारी माणसे या धंद्यात असतात.

कातरलेली लोकर रंगाप्रमाणे निवडतात, हाताने विसकटतात आणि धनुकलीने पिंजतात. मग चरख्यावर किंवा चातीवर सूत निघते. सूत कातणे हे बहुतेक ठिकाणी बायकांचे काम, विणणे पुरुषांचे. विणकर सगळीकडे एकाच जातीचे नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात सनगर आणि खुटेकर धनगर विणतात, कर्नाटकात कुरुब, तेलंगणात कुरुमा. लोकरीचे सूत केसाळ असल्यामुळे मागावर उभे धागे एकमेकांत गुंततात आणि तुटतात. म्हणून ताण्याला खळ लागते, आणि ही खळ चिंचोक्याची असते. चिंचोके भाजून त्यांचे टरफल काढतात, भिजवतात, वाटतात आणि शिजवून त्यांची चिकट पेज करतात. घराबाहेर मोकळ्या जागेत लांबच लांब ताणा पसरून मोठ्या कुंच्याने ही पेज त्यावर फिरवतात आणि उन्हात वाळवतात. पावसाळ्यात ऊन नसले की खळ वाळत नाही, आणि खळ वाळली नाही की माग थांबतो. घोंगडीची सर्वाधिक गरज ज्या ऋतूत, त्याच ऋतूत ती विणणे सर्वांत अवघड.

विणकाम खड्डा-मागावर होते. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, धोटा हाताने टाकतो आणि आडवे सूत ठोकून घट्ट बसवतो. लांबी-रुंदी अजूनही ‘हातां’त मोजतात. नवी घोंगडी खळीमुळे कडक असते. धुतली आणि वापरली गेली की हळूहळू मऊ पडते, म्हणून जुनी घोंगडी नवीपेक्षा अंगाला बरी वाटते. याच लोकरीचा दुसरा माल म्हणजे जेन. ते विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरून, ओली करून, दाबून आणि लाटून तिचे थर एकमेकांत बसवतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ओलाव्यात आणि घर्षणात ते परस्परांत अडकतात आणि कापड मागावाचून तयार होते. बुरणूस म्हणतात तेही याच जातीचे. जेन बसायला, घोंगडी पांघरायला, हा ढोबळ भेद. व्यवहारात तो कोणी काटेकोर पाळत नाही.

घोंगडीचा खरा गुण पाण्याशी असलेल्या तिच्या वागण्यात आहे. लोकरीवर मेंढीच्या अंगचा मेणचट अंश राहिलेला असतो, त्यामुळे पावसाचे थेंब वरून ओघळतात. तंतूचा गाभा मात्र हवेतली वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा घेताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. भर पावसात रानात उभ्या असलेल्या मेंढपाळाला घोंगडी ऊब देते ती यामुळे. घोंगडी दुमडून एका कोपऱ्याची टोपी केली की तिची ‘खोळ’ होते. डोके, पाठ आणि गुडघ्यापर्यंतचे अंग त्यात झाकले जाते. अशा टोपीला ‘घोंगता’ असाही शब्द आहे. प्लॅस्टिकचे इरले आणि रेनकोट येण्यापूर्वी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा पावसाळा या खोळीत जात असे.

परंतु या गुणाला मर्यादा आहे. संततधार लागली किंवा घोंगडी पाण्यात बुडवली, तर मेणचटपणा तिला फार काळ वाचवू शकत नाही. एकदा पाणी आतपर्यंत शिरले की घोंगडी इतकी जड होते की एकट्याने पिळवत नाही. तिची जाडी आणि घट्ट वीण यांमुळे पाणी निथळायला वेळ लागतो, आणि ढगाळ हवेत ती दिवसेंदिवस वाळत नाही. धुवायची तरी पंचाईत असते. पाणी नीट मुरल्याशिवाय मळ आणि खळ सुटत नाही, म्हणून ती बराच वेळ भिजत घालावी लागते. तेवढ्या काळात ती पांघरता येत नाही, घडी करून ठेवता येत नाही, कोणाला देताही येत नाही.

‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार समजायला एवढे ज्ञान पुरते. ज्या कामाचा निकाल लागत नाही, जे सोडूनही दिलेले नसते आणि पुरेही होत नाही, ते भिजत घोंगडे. मराठीत लांबलेल्या कामाला शब्दांची वाण नाही, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ‘धूळ खात पडलेली’ फाइल सगळे विसरलेले असतात. ‘बासनात गुंडाळलेली’ योजना कोणीतरी विचारपूर्वक बंद केलेली असते. ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ चालते तेव्हा निदान बोलणे तरी होत असते. भिजत घोंगड्याची गंमत अशी की काम अधिकृतरीत्या चालू असते. विचारले तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते.

क्रियापदाचे रूप येथे महत्त्वाचे आहे. शब्द ‘भिजत’ आहे, ‘भिजलेले’ नाही. भिजलेले घोंगडे म्हणजे फक्त ओले पांघरूण, त्याला दुसरा अर्थ नाही. ‘भिजत’मध्ये क्रिया संपलेली नाही, आणि सारा अर्थ त्या न संपण्यात आहे. पुढे कोणते क्रियापद जोडायचे यावर जबाबदारी ठरते. ‘घोंगडे भिजत पडले’ म्हटले की दोष कोणाचाच नाही, परिस्थितीचा. ‘भिजत ठेवले’ किंवा ‘भिजत घातले’ म्हटले की कोणीतरी मुद्दाम ठेवले आहे. पत्रकाराला सरकारवर आरोप करायचा असेल तर तो ‘ठेवले’ लिहितो, आणि प्रवक्ता उत्तर देताना ‘पडले’ म्हणतो. नपुंसकलिंगी रूपही सहसा कायम राहते. ‘भिजत घोंगडी’ असे क्वचितच कोणी म्हणते.

या वाक्प्रचाराला शोभेल असे उदाहरण धर्माबाद तालुक्यातच आहे. गोदावरीच्या पाण्यावर महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला. पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या खाली, तेव्हाच्या पोचमपाड म्हणजे आताच्या श्रीरामसागर प्रकल्पापर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्राने नव्याने ६० टीएमसी पाणी वापरावे, असे त्यात ठरले. गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यात हा करार समाविष्ट झाला. त्याच हिशेबात महाराष्ट्राने बाभळी येथे बंधारा बांधायला घेतला. त्याची क्षमता २.७४ टीएमसी, म्हणजे सुमारे ७.७६ कोटी घनमीटर. पण ही जागा श्रीरामसागरच्या फुगवट्यात येते, आणि येथे पाणी अडवले तर खालच्या धरणाचा साठा घटेल, अशी आंध्रची तक्रार होती. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ च्या अंतरिम आदेशाने बांधकामाला परवानगी मिळाली, पण दरवाजे बसवायला मिळाली नाही. परिणामी नदीत खांब उभे राहिले आणि त्यांच्यामधून पाणी वाहून जात राहिले. भिजत पडलेल्या कामाचे याहून स्पष्ट चित्र शोधायला नको.

जुलै २०१० मध्ये आंध्रचे नेते चंद्राबाबू नायडू आपल्या पक्षाच्या आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले, तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अडवून धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवले. काही दिवस हे छोटे गाव दोन्ही राज्यांच्या बातम्यांत राहिले. त्या प्रकरणात धर्माबादच्या न्यायालयाने वॉरंट काढले ते २०१८ च्या सप्टेंबरात, आठ वर्षांनी. बंधाऱ्याचा मूळ वाद त्याआधीच, २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकालात निघाला होता. न्यायालयाने बंधारा मान्य केला, पण अटी घातल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे वर उचललेले ठेवायचे, दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, आणि देखरेखीसाठी तीन जणांची समिती. पावसाळाभर दरवाजे उघडे ठेवावे लागत असल्याने साठा भरायचा तो परतीच्या पावसावर आणि नंतरच्या प्रवाहावर. त्यामुळे निकाल लागला तरी परिसरातल्या शेतकऱ्यांची कुरकुर थांबली नाही. जिल्ह्यातला दुसरा आंतरराज्य प्रकल्प, मुखेड तालुक्यातला लेंडी, १९८० च्या दशकात सुरू झाला आणि भूसंपादन व पुनर्वसनाच्या प्रश्नांत दशकानुदशके रखडत राहिला. त्याच्याबद्दल लिहिताना ‘भिजत घोंगडे’ हे शब्द टाळणे अवघडच.

सीमेपलीकडे हीच वस्तू हाच अर्थ देते, पण पाण्याशिवाय. तेलुगूत रखडलेल्या कामाला ‘एक्कड वेसिन गोंगळि अक्कडे’ म्हणतात, म्हणजे घोंगडी जिथे टाकली होती तिथेच आहे. मराठीत कामाचे रखडणे हे वाळण्याची वाट पाहणे आहे, तेलुगूत ते जागचे न हलणे आहे. तेलुगू म्हणीत दिसतो तो बहुधा वाड्यावर अंथरलेल्या घोंगडीवर बसून राहिलेला माणूस. तेलुगूत आणखी एक म्हण आहे. घोंगडीत जेवायचे आणि वर घासातले केस वेचत बसायचे. जी गोष्ट मुळात केसाळ आहे ती स्वतःहून पत्करायची आणि मग तिच्या केसांबद्दल तक्रार करायची, असा तिचा रोख. घोंगडीवर भाकरी सोडून जेवलेल्या समाजालाच ही म्हण सुचावी. केसाळ सुरवंटालाही तेलुगूत ‘गोंगळि पुरुगु’, म्हणजे घोंगडीचा किडा म्हणतात.

घरात आणि रानात घोंगडीचे उपयोग मोजता येणार नाहीत इतके होते. खळ्यावर धान्य वाळवायला, राखणीच्या माचाणावर अंथरायला, बैलगाडीत खाली घालायला, तान्ह्या मुलाची झोळी करायला. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ठिणगी पडली तर तेवढ्यापुरती करपते, म्हणून शेकोटीजवळ निजणाऱ्याला घोंगडी गोधडीपेक्षा बरी. घोंगडीवर साप येत नाही, असेही सांगितले जाते. भरड केस सापाला टोचतात, हे त्याचे कारण दिले जाते. हा समज फार पसरलेला आहे, पण रानात झोपणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. कंबरदुखीवर घोंगडी औषध आहे, या दाव्यातही ऊब आणि कडक अंथरूण यापलीकडे काही नाही.

देवाच्या कामात घोंगडीला मान आहे. धनगरांच्या बिरोबाच्या आणि खंडोबाच्या उत्सवांत ती आसन म्हणून अंथरली जाते, तिच्यावर भंडारा पडतो. संतांच्या अभंगांत आणि गौळणींत घोंगडी व कांबळी रूपक म्हणून येतात, काळी कांबळी पांघरलेला कृष्ण तर वारकऱ्यांच्या परिचयाचाच. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. ती घोडे, गाढवे आणि उंट यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, पण घोंगडी घ्यायला येणारे गिऱ्हाईकही तेथे असते.

पंच बसायचे तेही घोंगडीवर, आणि या वापरातून अलीकडे एक नवा शब्द रूढ झाला आहे. ‘घोंगडी बैठक’ म्हणजे व्यासपीठ आणि खुर्च्या टाळून गावात जमिनीवर बसून घेतलेली राजकीय बैठक. राज्यातल्या निरनिराळ्या पक्षांनी आणि आंदोलनांनी हा शब्द वापरला आहे. २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मराठवाड्यात झालेल्या घोंगडी बैठकांनी तो रोजच्या बातम्यांत आणला. अशा बैठकीत प्रत्यक्षात अंथरलेली असते ती बहुधा सतरंजी किंवा ताडपत्री. शब्दाचे काम घोंगडी अंथरण्याचे नसून आपण पायरी उतरून तुमच्यात आलो आहोत, हे सांगण्याचे असते. गंमत म्हणजे आरक्षणाच्या प्रश्नालाच वृत्तपत्रे भिजत घोंगडे म्हणतात. एकाच विषयावरच्या एकाच बातमीत घोंगडी दोन वेगवेगळ्या अर्थांनी आलेली सापडू शकते, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

शब्दाला असे काम मिळत असताना वस्तूचे काम कमी झाले आहे. यंत्रावर विणलेले स्वस्त ब्लँकेट आले, सोलापुरी चादर होतीच. मेंढपाळाला आता पैसा मिळतो तो मुख्यतः मांसाचा. शेतात मेंढ्या बसवून खताबद्दल धान्य किंवा रोख घेण्याची पद्धत अजून आहे, पण लोकरीचा भाव अनेकदा कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाही. मेंढ्या कातराव्या तर लागतातच, नाहीतर उन्हाळ्यात त्यांचे हाल होतात. म्हणून लोकर कातरून बांधावर टाकून देणारे कळप दिसतात. जातही बदलते आहे. सांगली जिल्ह्यातली माडग्याळ मेंढी वजनाला भारी आणि लोकरीला जवळजवळ नाहीच. तेलंगणात नेल्लोर जातीची उंच, लोकर नसलेली मेंढी वाढली, आणि २०१७ पासूनच्या सरकारी मेंढीवाटप योजनेने तिचा प्रसार आणखी झाला. काळ्या लोकरीची दख्खनी मेंढी त्यामुळे मागे पडते. महाराष्ट्रात मेंढी व शेळी विकासासाठी १९७८ मध्ये महामंडळ स्थापन झाले. अहिल्यादेवींच्या नावाच्या या महामंडळाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याच्या प्रक्षेत्रांपैकी एक नांदेड जिल्ह्यात मुखेडला आहे.

घोंगडी अजून विणली जाते. शहरातल्या हस्तकला प्रदर्शनांत तिच्या पिशव्या, आसने, चटया आणि योगासनांसाठीचे तुकडे मिळतात, आणि त्यांची किंमत गावच्या बाजारातल्या घोंगडीपेक्षा जास्त असते. गावात ती घेतो तो मेंढपाळ, वारीला जाणारा म्हातारा आणि देवासाठी आसन हवे असलेला पुजारी. घेताना जाणकार पाहतो त्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लोकर जावळाची आहे की थोराड मेंढीची, खळ जास्त चोपडून वजन वाढवले आहे का, कडा सुटतात का, आणि घडी उलगडून दिव्याकडे धरली तर विणीतून उजेड दिसतो का. उजेड दिसला तर पाऊसही आत येणार.